पहिल्या नंबरची गाडी

धाराशिव
१२ जून २०२२

आदरणीय गुरुजी,

‘दीपालीला तू काय सांगितलंस?’ तुमच्या कार्डावर एवढी एकच ओळ आहे. खाली सही आणि तारीख. गुरुजी, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. चार दिवस कार्ड पर्समध्ये घेऊन शोरूमला जाते आणि तसंच परत आणते.

तुम्हाला सवलत का मिळाली नाही, ते मात्र सांगू शकते. काकू फोनवर म्हणाल्या की सवलत नाकारल्याच्या पत्रातलं काहीच नीट कळलं नाही, म्हणून लिहिते. विजेच्या गाडीवरची, लवकर घेणाऱ्यांसाठीची सरकारची जादा सवलत ३१ मार्चच्या आत पासिंग झालेल्या गाड्यांनाच होती, असं आम्हाला आलेल्या सूचनेत होतं. आपली गाडी २ एप्रिलला, पाडव्याला दिली. पासिंग त्याच्या पुढच्या आठवड्यात झालं. बुकिंग आधीचं असूनही पासिंग उशिरा झालेल्या गाड्यांची कारणं कंपनीनं मे महिन्यात मागवली. त्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायचा एक अर्ज होता, त्यात कारणाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. मार्चमध्ये गाड्यांचा पुरवठाही फार कमी होता. सगळीकडंच तसं होतं.

अर्ज फेटाळल्याचं पत्र थेट तुमच्या पत्त्यावर येईल, असं मला वाटलं नव्हतं. ते शोरूमला येईल आणि मी भूमला येऊन तुम्हाला समजावून सांगेन, असं मी धरून चालले होते. दीपालीताई सुट्टीला माहेरी आल्या असतील आणि पाकीट त्याच फोडतील, हे तर मनातही आलं नाही.

त्या न जेवता बार्शीच्या एसटीत बसल्या, असं काकू सांगत होत्या. त्यांचं वाक्यही काकूंनी सांगितलं: ‘माझ्या लग्नाला सगळ्या वेळा सारख्या होत्या ना अप्पा? मग गाडीला कशा वेगळ्या झाल्या?’

गाडी कशी चालतेय? येरमाळ्याचा घाट चढताना चार्जिंग भराभर उतरतं, पण उतरताना थोडं परत भरतं. म्हणून घाटात आकडा बघून घाबरू नका, एवढं काकूंना सांगा.

तुमची विद्यार्थिनी
शिवांजली

धाराशिव
१९ जून २०२२

आदरणीय गुरुजी,

तुमचं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. मागच्या पत्रात मी कंपनीच्या पत्रकातली वाक्यं उतरवली होती. ‘पुरवठा कमी होता’ हे वाक्य मी मार्चपासून इतक्या लोकांना ऐकवलंय की आता ते माझ्या तोंडून आपोआप येतं.

परवा घरी गेले होते. आबा मेंढरं वाड्यात घालून आले, हातपाय धुतले आणि भाकरी खाता खाता म्हणाले, “गुरुजीनं गाडीला मुहूर्त बघितला म्हनं?” आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, व्हय, समदं भूम बोलतंय, हिनंच फोटू टाकलाय न्हवं का? मग आबा हसले. “म्हंजी गुरुजीबी आपल्यातलंच निघालं की. म्या उगंच भीत हुतो त्येला. आता तुझ्या लग्नाला पंचांग काढल्याबिगर सोडत न्हाय.”

आबा चेष्टा करत होते. पण मला तुम्ही आमच्या वाड्यावर आला होतात तो दिवस आठवला. बारावीनंतर मला धाराशिवला पाठवायचं की नाही, यावर आबांनी भगताला विचारून ठेवलं होतं, आणि त्यानं हे वर्ष पोरीला वाईट आहे असं सांगितलं होतं. तुम्ही खाली घोंगडीवर बसलात आणि म्हणालात, बलभीमराव, वर्ष वाईट असेल तर ते मी माझ्या नावावर घेतो, पोरीला जाऊ द्या. आबांनी ते खरं मानलं. ते वर्षभर तुम्ही आजारी पडलात का, याची चौकशी करायचे. माझी पदवी त्या वाक्यावर उभी आहे.

म्हणून आता फोटोचं लिहिते.

पाडव्याला शोरूममध्ये अकरा गाड्या द्यायच्या होत्या. दहा पेट्रोल-डिझेलच्या आणि एक तुमची. सगळ्यांना हार, नारळ, भटजी. तुम्ही आणि काकू एसटीनं आलात. तुम्ही म्हणालात, माझ्या गाडीला हार नको, त्या शेजारच्या गाडीला दोन घाला. तुम्ही किल्लीच्या कागदावर सही करत होता, तेवढ्यात भटजींनी जाता जाता तुमच्या गाडीलाही कुंकू लावलं. काकूंना ते आवडलं. काकूंकडं बघून तुम्ही ते पुसलं नाहीत. मी फोटो काढला आणि इंटरनेटवरच्या शोरूमच्या पानावर टाकला. खाली लिहिलं: ‘गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर जिल्ह्यातील आदर्श शिक्षकांनी स्वीकारली विजेची गाडी.’ सगळ्या फोटोंना तेच वाक्य होतं, फक्त आदर्श शिक्षक बदलून व्यापारी, शेतकरी असं केलं होतं. तुमच्यापुरतं तरी ते वाक्य बदलायला हवं होतं. सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगते. पण ते खरं नाही. वाक्य टाकताना ते सोयीचं आहे हे मला कळत होतं. कारण गाडी ३१ तारखेच्या आत का दिली नाही, असं कोणी विचारलंच, तर उत्तर त्या फोटोतच होतं.

तुमची गाडी मुहूर्तासाठी थांबलेली नव्हती, गुरुजी. २६ मार्चला तीन गाड्या आल्या होत्या. बुकिंगं चार होती. तुमचा नंबर पहिला होता.

पुढचं आज लिहवत नाही.

शिवांजली

धाराशिव
२७ जून २०२२

आदरणीय गुरुजी,

तुमचा नंबर पहिला कसा होता, ते तुम्ही कोणाला सांगितलंत का? मला माहीत आहे, सांगितलं नसणार.

बुकिंग सुरू झालं तेव्हा पितृपक्ष होता. आम्ही पंधरवडाभर शोरूममध्ये बसून होतो, नव्या गाडीला हात लावायलाही कोणी आलं नाही. कृष्णराज साहेब म्हणाले, घटस्थापनेपर्यंत झोपा काढा. आणि सर्वपित्री अमावास्येला दुपारी तुम्ही छत्री घेऊन आत आलात. आधी तासभर प्रश्न विचारलेत. बॅटरी किती वर्षं टिकते, एका युनिटला किती किलोमीटर, छतावरच्या सोलरवर भरते का. मग म्हणालात, तालुक्यात कोणीतरी पहिलं घेतल्याशिवाय दुसरा घेणार नाही, तर पहिला मी. पावतीवर ६ ऑक्टोबर अशी तारीख आहे. दुसऱ्या दिवशी घट बसले आणि त्या दिवशी बाकीचे तिघं आले. एक वकील, एक डॉक्टर आणि चौथे जळकोटचे गुत्तेदार, रस्त्यांची कंत्राटं घेणारे.

तुम्ही मुहूर्त पाहत नाही, म्हणून तुमचा नंबर पहिला लागला. आणि तुम्ही मुहूर्त पाहिलात म्हणून सवलत गेली, असं मी कागदावर लिहिलं.

२६ मार्चला तीन गाड्या उतरल्या तेव्हा गुत्तेदारांचा फोन आला. त्यांना ३१ च्या आत गाडी हवी होती. दिली तर ते कामावरच्या लोकांसाठी आणखी पाच विजेच्या गाड्या घेणार होते. कृष्णराज साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “मॅडम, तिघांतल्या एकाला मागं घ्यायचंय. कुणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. ग्राहक तुमचे आहेत.”

त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. दबाव होता असं मी म्हणू शकले असते, पण तसा नव्हता. मी खुर्चीवर जाऊन बसले आणि तिन्ही नावं समोर ठेवली. वकिलांनी नोटीस दिली असती. डॉक्टरांनी शोरूममध्ये येऊन तमाशा केला असता. तुम्ही भांडणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तुमची गाडी, गुरुजी. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली. एक गाडी आठ दिवस मागं गेली तर पाच गाड्या पुढं येतील, जिल्ह्यातला धूर तेवढा कमी होईल, गुरुजींना कळलं तर तेही हेच म्हणतील, असं सगळं मी त्या दिवशी संध्याकाळी चालत खोलीवर जाताना जुळवलं. फार पटलं होतं मला.

संगणकावर तुमच्या नावापुढचा चॅसिस नंबर काढून मी गुत्तेदारांच्या नावापुढं घातला. माझ्याच पासवर्डनं. दोन मिनिटं लागली. तुम्हाला फोन करून ‘पुरवठा कमी आहे’ म्हणाले. तुम्ही म्हणालात, असू दे गं, घाई काय आहे. सवलतीची तारीख तुम्हाला माहीत होती. तरी तुम्ही तिचा विषय काढला नाहीत, कारण तुम्हाला वाटलं असणार की मला वाईट वाटेल.

गुत्तेदारांनी त्या पाच गाड्या घेतल्या नाहीत.

आणि मेमधला तो अर्ज. उशीर शोरूममुळं झाला असेल तर सवलतीची रक्कम शोरूमनं भरायची होती. ग्राहकामुळं झाला असेल तर कोणीच नाही. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘ग्राहकाच्या इच्छेनुसार गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर वितरण.’ तो कागद घेऊन मी तुमच्या घरी आले. तुम्ही चष्मा शोधत होता. चष्मा काकूंच्या पोथीवर होता, मला तो दिसत होता. मी सांगितलं नाही. मग तुम्ही म्हणालात, “तू भरलायस ना? मग वाचायचं काय त्यात.” आणि सही केलीत.

आमच्या वाड्यावर अंगठ्याच्या जागी सही करायला आबांना तुम्ही शिकवलंत. वाचल्याशिवाय करायची नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. अख्ख्या आयुष्यात तुम्ही एकाच कागदावर न वाचता सही केली असेल, तो माझा.

मग काकूंनी पोहे दिले आणि मी ते खाल्ले.

शिवांजली

भूम ते धाराशिव एसटीत सुरू केलं, धाराशिवला पूर्ण केलं
१० जुलै २०२२

आदरणीय गुरुजी,

आता तुमच्या कार्डाचं उत्तर देते.

५ जूनला दीपालीताईंचा फोन आला तेव्हा मी शोरूममध्ये होते. त्या अंगणात येऊन बोलत असाव्यात, मागं तुमच्या कुत्र्याचा आवाज येत होता. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाल्या, “शिवांजली, एकच सांग. अप्पांनी मुहूर्तासाठी गाडी थांबवली का? ते नाही म्हणतायत. कागदावर त्यांची सही आहे.” 

मी म्हणाले, “हो ताई. त्यांचीच इच्छा होती.”

मग ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुजी, दीपालीताईंचं लग्न मला आठवतं. पौषातलं. मी सातवीत होते, आम्ही मुलींनी शाळेच्या पटांगणात रांगोळी काढली होती. भटजी नव्हता, मुहूर्ताची वेळ नव्हती, तुम्ही फळ्यावर दोघांची नावं लिहिली होती. तीन वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा सगळ्यांनी पौषावर बोट ठेवलं. आमच्या आईनंसुद्धा. ताईंनी एकदाही तुम्हाला दोष दिला नाही. त्या म्हणायच्या, माणूस वाईट निघाला, महिना नाही. हे त्या आठ वर्षं म्हणत आल्या, कारण तुम्ही तसं मानता यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास मी एका ‘हो’त काढून घेतला. आणि तुम्ही खरं बोलत असताना त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडलं.

आता मी काय काय केलं ते लिहिते. परवानगी मागत नाही, कारण सगळं करून झालं आहे.

सोमवारी, ४ जुलैला, मी जबाब लिहिला. दोन पानं. तुमची बुकिंगची पावती, २६ मार्चला आलेल्या गाड्यांची यादी आणि चॅसिस नंबर बदलल्याची संगणकातली नोंद जोडली. नोंदीत वेळ आहे आणि माझं नाव आहे. कारणाच्या रकान्यातला मजकूर माझा आहे, ग्राहकाला तो वाचून दाखवलेला नाही, असं स्पष्ट लिहिलं. एक प्रत कंपनीला, एक तुमचा अर्ज ज्या कार्यालयात आहे तिथं. पोच घेतली. सवलत परत मिळेल का, याचं तिथल्या माणसानं काही सांगितलं नाही. फेरविचाराला वेळ लागतो, एवढं म्हणाला.

तिसरी प्रत कृष्णराज साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते वाचून रागावले नाहीत, उलट काळजीनं बोलले. म्हणाले, मॅडम, तुम्ही घरातल्या पहिल्या शिकलेल्या, हे असं करून पुढं कुठं नोकरी मिळणार? मलाही तीच भीती होती. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नका. निघायच्या आधी मी पानावरचा तुमचा फोटो काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं की ही गाडी मुहूर्तासाठी थांबवली नव्हती, पहिला नंबर असूनही मी ती मागं टाकली. खाली माझं नाव. तो मजकूर शोरूमनं तासाभरात काढून टाकला. पण तेवढ्यात भूमला पोचला असावा, कारण संध्याकाळी आबांचा फोन आला.

आबांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, “गुरुजीच्या म्होरं आता म्या कसा हुबा राहू?” मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काल बार्शीला गेले. दीपालीताई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर पांढरा कोट होता. मी दारातच सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये अडवलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, “तेव्हा हो का म्हणालीस? साहेब समोर बसले होते का?” मी म्हणाले, बसले होते. “नसते तर?” मी म्हणाले, तरी हो म्हणाले असते. त्यांनी जबाबाची प्रत घेतली, उंबऱ्यात उभं राहून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, “नुसती प्रत नको. याच्यावर पेनानं सही कर आणि तारीख घाल. झेरॉक्सवर माझा विश्वास नाही.” त्यांच्या हातातल्या फाइलवर कागद ठेवून मी सही केली. दार लावताना त्या म्हणाल्या, रविवारी त्या घरी जाणार आहेत की नाही, हे त्यांनी मला सांगायचं कारण नाही. बरोबर आहे. मी विचारलंही नव्हतं.

आज त्याच जबाबाच्या आणखी दोन प्रती घेऊन भूमला गेले. स्टँडसमोरच्या हॉटेलात, जिथं तुम्हाला ‘काय गुरुजी, पोरीच्या वेळी पंचांग हरवलं होतं काय?’ म्हणून विचारतात असं काकूंनी सांगितलं होतं, तिथं बाकावर पाचसात जण बसले होते. मी उभी राहून दोन्ही पानं वाचली. गुंडप्पा हॉटेलवाले मध्येच म्हणाले, मोठ्यानं वाच पोरी, मागं ऐकू येत नाही. मग मोठ्यानं वाचलं. एक जण म्हणाला, म्हणजे चूक गुरुजींची नव्हतीच की. दुसरा म्हणाला, हिला शिकवलं ही चूक कुणाची मग? त्यावर कोणी हसलं नाही. मी एक प्रत हॉटेलात ठेवून आले.

तिथून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. गाडी दारात होती, खिडकीतून वायर काढून चार्जिंगला लावलेली. काकू ओट्यावर काहीतरी निवडत होत्या, त्यांना मी दिसले नाही. आत आले असते तर त्यांनी मला जेवायला बसवलं असतं. तुम्ही जबाब बाजूला ठेवला असता आणि आबांची चौकशी केली असती, पुढं काय करणार म्हणून विचारलं असतं, आणि मी तिथं बसून जेवले असते.

म्हणून मी आत आले नाही. स्टँडवर परत गेले आणि धाराशिवची एसटी धरली.

शिवांजली